संदर्भ क्रमांक एकेचाळीस

"एकेचाळीस नंबरचा संदर्भ उघडून दाखवा," असं म्हणत विभागप्रमुखांनी प्रबंध टेबलावर आपटला.

समोर बसलेल्या, पीएचडी करणाऱ्या नर्सने लॅपटॉपवर पत्ता टाइप केला. पडद्यावर एकच ओळ उमटली: हे पान उपलब्ध नाही.

"परत करा."

तिने परत केलं. परत तेच.

विभागप्रमुखांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्याच वर्षी या विभागातल्या दोन पोरांनी एआयच्या यंत्राकडून संदर्भ लिहून घेतले होते. नसलेले लेखक, नसलेली नियतकालिकं, सगळं कसं छान रांगेत मांडलेलं. पेपरात बातमी आली, जो तो विचारायला लागला आणि सरांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. तेव्हापासून ते प्रत्येक प्रबंधातली प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघत. या कामात त्यांनी कुणाची गय केली नव्हती, आणि तसं ते अभिमानाने सांगत.

"सर, मी पान पाहिलं ती तारीख खाली दिलीय," नर्स म्हणाली. "तेव्हा उघडत होतं. मग ते नियतकालिकच बंद पडलं."

"बरं जमलं. तुम्ही वाचलंत आणि ते बंद पडलं."

दवाखान्यातली नोकरी सांभाळून सात वर्षं ती दगडखाणीच्या वस्तीत हिंडली होती. खाणीत कधी पाऊल न टाकलेल्या बायकांची फुप्फुसं का खराब होतात, हा तिचा विषय. प्रबंध सादर करायची मुदत शुक्रवारी संपत होती. आज सरांनी उलटा शेरा मारला की नोंदणी रद्द, आणि सात वर्षं पाण्यात.

"काय म्हणणं आहे या थोर लेखकांचं?" सरांनी विचारलं.

"कामगारांच्या कपड्यांवरून धूळ घरात येते. कपडे धुणाऱ्या बाईच्या छातीत जाते. चारशे घरांची पाहणी आहे."

"चारशे घरं! मोजली कुणी?"

"ते मलाही कळलं नाही, सर. म्हणून मी स्वतः साठ घरं मोजली. माझे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळत नाहीत. तिसऱ्या प्रकरणात तेच लिहिलंय."

तिसरं प्रकरण सरांनी वाचलं नव्हतं. ते आधी संदर्भ बघत, मग वेळ मिळाला तर प्रबंध. खोलीबाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली 'दोनशे सोळा शोधनिबंध' असं कोरलेलं होतं. एवढं लिहून सर जेवतात कधी, असं विद्यार्थी आपसात म्हणत. कौतुकानेच म्हणत असणार, असा सरांचा समज होता.

"आणि ही नावं कुठायत? एकच आडनाव. ते तर गल्लोगल्ली सापडेल. पुढे नुसतं 'आणि इतर'!"

"तीनपेक्षा जास्त लेखक असले की तसंच लिहायचं, सर. विभागाचा नियम आहे."

"नियम मला शिकवू नका. 'आणि इतर' म्हणजे कोण, सांगू? एक ओळ न लिहिता नाव घुसडणारे फुकटे. मोजमाप दुसऱ्याने करायचं, धूळ दुसऱ्याने खायची आणि यांनी आयतं मिरवायचं. अशा लोकांमुळे आपल्या कामावरचा विश्वास उडतो."

हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर कापत होता. त्यांना मनापासून चीड आली होती. कोपऱ्यात नर्सच्या मार्गदर्शक मॅडम बसल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"सर, पहिल्या पानाची प्रत तिच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "एकदा नजर टाका."

"प्रत काय, कुणीही छापून आणेल."

"तरी बघा. शेरा पाठवायच्या आधी."

"मॅडम, तुम्ही तिला पाठीशी घालताय."

"तिला नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

पण सर आता ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी संगणक पुढे ओढला आणि मोठ्याने बोलत शेरा टाइप करायला घेतला. "सदर निबंध बनावट आहे. तो अस्तित्वात नसेल, तर विद्यार्थिनीवर कारवाई व्हावी. असेल, तर त्यावर नाव असणाऱ्या प्रत्येकावर व्हावी. कुणाचंही पद न पाहता." पत्ता कुलसचिवांचा. प्रत चौकशी समितीला. बटण दाबून ते खुर्चीत मागे रेलले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

"गेला शेरा," ते म्हणाले.

नर्सने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम मघापासून हीच प्रत बघा म्हणत होत्या, सर. प्रबंधात सगळी नावं लिहिली नाहीत, ती याचसाठी. नियमाची आयती सोय होती. तुमचा मान राहावा म्हणून मॅडमनीही तेच सुचवलं होतं."

"माझा मान?"

त्यांनी चष्मा चढवला आणि कागद जवळ घेतला. वर निबंधाचं शीर्षक होतं, खाली ओळीने लेखक. पहिलं नाव अनोळखी. दुसरं अनोळखी. तिसरं त्यांनी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

चौथं त्यांचं स्वतःचं होतं.