अर्ध्या तासाचं काम

गोदाबाईंचा अर्ज भरून झाला, तेव्हा आत चहाला उकळीही आली नव्हती.

"झालं?" त्यांनी विचारलं. "एवढ्यात?"

"नवा लॅपटॉप आहे मावशी," दीक्षा कौतुकानं म्हणाली. "अकरा सेकंदांत सुरू होते."

नवा म्हणजे आपला सांगण्यापुरता नवा. आठवड्यापूर्वी बापलेकींनी अमरावतीत नियाजच्या दुकानात चार जुने लॅपटॉप उघडून पाहिले होते. एकाची बॅटरी अर्धा तासही टिकत नव्हती. दुसऱ्याचं झाकण एका बाजूनं लोंबत होतं. तिसरा देखणा, पण खिशाला न झेपणारा. चौथा पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातून आलेला. "काका, हा न्या," नियाज म्हणाला, "दिसाले साधा आहे, पर दौडते." दीक्षानं तिथंच ठरवून टाकलं. शेषरावांनी मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "म्हणजे किती लवकर सुरू होते?" नियाजला वाटलं, काका भाव पाडताहेत. त्यानं एक माउस फुकट दिला.

शेषराव बडनेरा स्टेशनवर तिकीटबाबू होते. तीस वर्षं त्यांनी खिडकीतल्या भोकातून माणसं पाहिली. गावाचं नाव सांगायचं, तिकीट घ्यायचं, बाजूला व्हायचं. याहून जास्त कोणी बोललं नाही आणि त्यांनीही कोणाला बोलू दिलं नाही. निवृत्त झाल्यावर ते ओसरीत बसून भातकुलीकडच्या लोकांचे अर्ज फुकटात भरून देऊ लागले. पीकविमा, दुष्काळी मदत, निराधार योजना. त्या वर्षांत अर्जांना तोटा नव्हता.

तेव्हा जुना लॅपटॉप होता. तो सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचा. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. एक बटन निघून पडलेलं, तिथं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबावं लागे. लाइट नुसती लुकलुकली तरी सगळं लिहिलेलं गायब. दीक्षा सुट्टीला आली की त्या डबड्याच्या नावानं बोटं मोडायची. पण पडद्यावर ते गोल चक्र फिरत असायचं तोवर ओसरीत माणसं बसलेली असायची. बायकोचा, सुंदराबाईंचा, चहा दोनदा व्हायचा. कोणी बैल कडी उघडायला कसा शिकला ते सांगायचं. कोणी लेकीच्या सासरचं गाऱ्हाणं काढायचं. एकदा एक म्हातारा काहीच न बोलता ढसाढसा रडला, आणि डोळे पुसून म्हणाला, आता भरा अर्ज. या आठवड्यात मात्र माणसं येत होती, सही करत होती, जात होती. ओसरीची पुन्हा तिकिटाची खिडकी झाल्यासारखं शेषरावांना वाटत होतं. त्या डबड्याची त्यांना फार आठवण येत होती. लेकीनं एवढ्या हौसेनं घेऊन दिलेलं, म्हणून ते बोलत नव्हते.

गोदाबाईंनी पदर सारखा केला. अर्जासाठी आलेला ओटीपी वाचायला आणलेला मोबाइल पिशवीत टाकला. तो मोबाइल त्यांच्या लेकाचा, प्रीतमचा होता. दरवर्षी अर्जाला प्रीतमच यायचा.

"प्रीतम नाही आला?" शेषरावांनी विचारलं.

"आहे घरी."

"अन् मोबाइल तुमच्यापाशी?"

"हो जी." गोदाबाई पायरी उतरू लागल्या.

शेषरावांनी लॅपटॉपचं झाकण हळूच अर्धं लावलं. "थांबा बाई. अडकला हा. बसा, अर्धा तास घेईन आता."

दीक्षानं तोंड उघडलं. अर्ज स्वीकारल्याची हिरवी खूण तिला स्पष्ट दिसत होती. पण बाबांना खोटं बोलताना ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. तिनं मावशींसाठी चटई पुढं सरकवली.

गोदाबाई परत येऊन बसल्या. चहा आला. आधी त्या दुबार पेरणीचं बोलल्या, मग शेजारच्या म्हशीचं. मग बशीत बघत म्हणाल्या, "भाऊ, चार दिवसांपासून जेवून नाही राहिला तो. बोलतबी नाही. मोबाइल देल्ला टाकून. वावरात जाऊन बसते एकटाच. म्या इहिरीवरचा दोर काढून घरात लपवला."

शेषरावांनी कप खाली ठेवला. आत वळून म्हणाले, "दोन भाकरी बांधून दे वं. मी प्रीतमसंग जेवतो आज." सुंदराबाईंनी चार बांधल्या. रात्री मुक्काम पडला तर असावी म्हणून शेषरावांनी खांद्यावर चादर टाकली, आणि ते गोदाबाईंसोबत ऑटोत बसून गेले.

दीक्षा ओसरीत एकटीच उरली. गोदाबाई पायरीवरून तशाच परत गेल्या असत्या तर, हा विचार तिला सोडेना. तिनं झाकण उघडलं. पडदा लगेच उजळला.

तेवढ्यात एक बाई दारात आली. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, उन्हात चालून लाल झालेला चेहरा. मैना नाव, भातकुलीहून आली होती. ती पायरीवरच उभी राहिली.

"बाबूजी नाहीत का? विम्याचा अर्ज भराचा होता. लवकर होईन ना बाई?"

दीक्षानं पडद्याकडे पाहिलं. सगळं तयार होतं.

"नाही वं मावशी," ती म्हणाली, "याले लई वेळ लागते. या, बसा."