आज काय बदललं?

आईचं सगळं उरकून पंधरा दिवसांनी आज वर्गात उभी राहिले. मधल्या सुट्टीआधी आमचा खेळ असतो: वर्गातलं काहीतरी मी गुपचूप बदलते, मुलांनी ते ओळखायचं. उत्तर चुकलं की टॅबवर बेडूक ओरडतो, बरोबर आलं की टाळ्या वाजतात. बटणं मीच दाबते. आज काही बदलायचं मी विसरूनच गेले होते. तरी पोरं शोधत होती. “बाई, घड्याळ?” बेडूक. “खडूंचा डबा?” बेडूक. पोरं हसून लोळत होती. मग खिडकीपाशी बसणारी चिमुरडी उठली. “बाई, तुमचा फोन! खेळ सुरू झाला की रोज वाजतो. तुम्ही वैतागून म्हणता, ‘आई, वर्गात आहे गं, नंतर बोलते.’ आज वाजलाच नाही.” अख्खा वर्ग माझ्या बोटाकडे बघत होता. मी ‘बरोबर’ दाबलं. टॅबवर टाळ्या वाजल्या. मग पोरांनीही वाजवल्या, बराच वेळ.