झाकणावरचं नाव

खरं सांगायचं तर, तो हे प्रयोगाच्या वहीत लिहिणारच नव्हता.

कॅनोला म्हणजे मोहरीची चुलत बहीण. तिच्यात नवं जनुक घालायला त्यानं आणि त्याच्या मित्रानं तीन वर्षं देठांचे तुकडे करून प्रयोगशाळेतल्या झाकणाच्या प्लेटांत वाढवले. जनुक शिरलं तर कोंब हिरवा राहतो, नाहीतर प्लेटमधल्या औषधानं पांढरा पडून मरतो. एकही हिरवा राहील तर शपथ! शेवटी मित्र वैतागून नोकरी सोडून गेला. "माझ्या प्लेटा फेकून दे रे बाबा," म्हणाला.

यानं फेकल्या नाहीत. आशा वगैरे काही नव्हती, एकट्याला रिकामी फळी बघवेना इतकंच.

आज त्यांतल्याच एका प्लेटमध्ये हिरवागार कोंब! स्पिरिटचा बोळा हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. एकदा पुसलं की झाकणावरचं मित्राचं नाव गेलं असतं, आणि विचारणारं होतं तरी कोण?

मग त्यानं बोळा टाकला, वहीत खरं ते लिहिलं आणि फोन लावला.

"काय रे, अजून पांढऱ्या कोंबांची राखण चाललीय?" मित्र हसला.

 

"एक हिरवा झालाय, तुझा. झाकण तूच येऊन उघडायचंस. तोवर मी हात लावत नाही, शब्द देतो."