काकांना चालून दाखव

ताप उतरून आठवडा झाला आणि लेक चालताना अडखळू लागली, तेव्हा थोरल्या दिरांनी निदान करूनच टाकलं, “शाळा बुडवायची नाटकं आहेत ही.” दंड धरून त्यांनी पोरीला उभं केलं आणि हात सोडला; ती फरशीवर कोसळली, तरी दीर हसतच होते. पुढे डॉक्टरांनी मेंदूला आणि मज्जारज्जूला सूज आल्याचं सांगितल्यावर हेच गृहस्थ वॉर्डात भेटेल त्याला ऐकवू लागले, “मला पहिल्यापासून शंका होती.” आज ते मोबाइल सरसावून आले. “ऊठ बाळा, काकांना चालून दाखव.” लेकीने वॉकर धरला आणि आईकडे पाहिलं. आईला वाटलं, हा माणूस रागाच्याही लायकीचा नाही. “भाऊजी, ती चालते,” आई म्हणाली, “पण तुम्हाला दाखवायला नाही. बाजूला व्हा.” भाऊजी भिंतीला चिकटले आणि एक पाय फरफटत लेक पुढे निघाली.