कमरेचा पट्टा

राजेश जीपने पोलादपूरच्या बाजाराला गेला आणि अक्षदाने लगेच संस्थेला फोन लावला. तो परतायच्या आत पट्टा दुरुस्त व्हायला हवा होता. नाहीतर उद्या राजेश पट्टा महाडला परत देऊन येणार होता.

पट्टा तिथल्याच एका संस्थेने दिलेला, कमरेला बांधायचा. समोर भिंत आली की थरथरायचा, खोल जागा आली की शिट्टी वाजवायचा. अक्षदाला जन्मापासून दिसत नव्हतं. पट्टा बांधून ती पहिल्यांदाच कुणाचा हात न धरता गोठ्यापर्यंत गेली होती.

पण अंगणाच्या टोकाला दरी होती, आणि तिथे पट्टा गप्प राहिला.

राजेशला सांगितलं तेव्हा तो घाबरला. असलं यंत्र जीव घेईल म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती चुकून तिकडे गेली, तेव्हा त्यानेच धावत येऊन तिला मागे ओढलं होतं. कितीतरी वेळ रडत होता. मग त्याने तिथे आडवा बांबू बांधला. तिने एकदा बांबूपलीकडे खडा भिरकावला होता. पडल्याचा आवाजच आला नाही, इतकी खोल.

माहेरी कुणी उरलं नव्हतं. शेजारची घरं मुंबईला गेलेली. राजेश नसता तर आपलं काय झालं असतं, असं तिला नेहमी वाटायचं.

दुपारभर ती आतबाहेर करत राहिली. जीपचा आवाज आला की थबकून कान द्यायची. शेवटी दारात हाक आली, ती संस्थेच्या दर्शनाची. अक्षदाच्या गावी, कुडपणला, ती पहिल्यांदाच येत होती.

दर्शनाने पट्टा बांधून अक्षदाला चालवून पाहिलं. भिंत, खाट, ओट्याची पायरी, न्हाणीमागचा खड्डा. कुठेच चूक नाही.

“चांगला चालतोय की, ताई. बंद कुठे पडतो?”

“बांबूच्या पुढं. दरी हाय ना, तिथं.” अक्षदाने हात केला. “तेवढा दुरुस्त करून द्या. नायतर ते मला ठेवू द्यायचे नाय.”

दर्शना उठून बांबूपर्यंत गेली, परत आली आणि तिने अक्षदाचा हात हातात घेतला.

“ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “गाडी रस्त्यावर लावून मी आत्ता तिथूनच गवतातून चालत आले. बांबूखालून वाकून.”