आवडती मैफल

भरल्या सभागृहात बुवा गाता गाता थांबले आणि पहिल्या रांगेतल्या ग्रंथपालांना म्हणाले, "काका, मांडीवर ठेका धरायचा तर नीट धरा, नाहीतर घरी जाऊन धरा." सगळे खो खो हसले. शेजारी बसलेली त्यांची बायकोसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसली.

ते ग्रंथपालांच्या मनाला फार लागलं. त्यानंतर बुवांचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही, पण तोंडातून एक 'वा' निघू दिला नाही.

वर्षअखेरीस त्यांच्या संगीत मंडळाची बैठक भरली. वर्षभरातली आपली आवडती रेकॉर्ड आणि आवडती मैफल प्रत्येकाने उभं राहून सांगायची, अशी तिथली रीत. यंदा पाहुणे म्हणून नेमके बुवाच आले होते, सोबत त्यांची एक शिष्या. ग्रंथपालांनी रेकॉर्ड सांगितली ती दुसऱ्याच एका गायिकेची. बुवांच्या कपाळाला आठी पडली.

"मैफल मात्र बुवांचीच," ग्रंथपाल म्हणाले.

बुवांची कळी खुलली. "कुठली हो, काका?"

"तुमचा घसा बसला होता आणि ऐनवेळी तुमच्या जागी तुमची ही शिष्या गायली, ती."

अख्खी खोली हसून लोटपोट झाली. ग्रंथपालांचं उट्टं निघालं. बुवांच्या मागे बसलेली शिष्या तर आनंदाने लाजून चूर झाली.

बुवाही हसले. हशा ओसरू दिला आणि मागे वळून तिला म्हणाले, "ऐकलंस ना? आता माझ्याकडे तुला शिकण्यासारखं काही उरलं नाही. उद्यापासून येऊ नकोस."