बसायला खुर्ची

शामलाची चप्पल तुटली ती नेमकी देवकीच्या दारात. मे महिन्याची दुपार, डोक्यावरून घेतलेला पदर घामानं चिंब आणि आता हे! लकडगंजच्या मागच्या या वस्तीतलं तिचं काम खरं तर कालच संपलं होतं. कागदावर देवकीचा अंगठा तेवढा घ्यायचा राहिला होता, म्हणून एवढी उन्हातान्हाची पायपीट.

“बाई, तुमी? थांबा, खुर्ची बलावते,” देवकी लगबगीनं उठली आणि मधेच थांबली. “अगं माय! मुकादमाच्या घरचे तं सारे लग्नाले गेले. खुर्ची कुलपात राहिली.”

“राहू द्या हो खुर्ची,” असं म्हणत शामला जमिनीवरच धपकन बसली. तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

वस्तीत खुर्ची असलेलं घर एकच, चंपतरावाचं. तो लाकडं कापायच्या आरामशीनवरचा मुकादम. शामला ज्या दारात जाई, तिथे त्याची सून तारा ती हिरवी लोखंडी खुर्ची घेऊन हजर. शामला बसायची, प्रश्न विचारायची आणि खुर्ची परत न्यायची म्हणून तारा मागे उभी राहायची. बिचारीला केवढे हेलपाटे, असं वाटून शामला ओशाळून जायची. पण मधुसूदन सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आधी मुकादमाला भेटायचं. त्याच्या ओळखीनंच घरोघर जायचं. उगाच वस्ती बिथरायला नको.”

सर ज्या संस्थेचे प्रमुख होते, त्या संस्थेनं इथल्या बायकांना शिवणयंत्रं दिली होती. ठेवायची कुठे, तर चंपतरावाकडे. त्यांचा बायकांना काय उपयोग झाला, हे शामला विचारत फिरत होती. दारोदार एकच उत्तर. सारं बरं हाये बाई, लय फायदा झाला. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तरी म्हणायचं, बरंच आहे. अहवाल चांगला गेला की दुसरं केंद्र मंजूर, आणि ते मंजूर झालं की शामला कायम. कित्येक वर्षं हंगामीत काढली होती तिनं. घरात कमावणारी तीच.

देवकी परत आपल्या कामाला लागली. शेगडीत भुसा भरत होती ती. मधोमध बाटली उभी करायची, भोवती आरामशीनवरचा भुसा ठासायचा आणि मग बाटली अलगद उपसून घ्यायची. पण बाटली काही केल्या सरळ राहीना. शामलानं हात पुढे करून ती धरली.

“असू द्या बाई, हात खराब होतीन.”

“होऊ द्या. ठासा तुम्ही.”

देवकी ठासत होती. मग तिनं दाराबाहेर एक नजर टाकली आणि शेगडीकडे बघतच म्हणाली, “मशिनीले म्या एकदाच हात लावला. फोटो काढला, त्या दिवशी.”

शामलाच्या हातातली बाटली कलली.

“सरळ धरा न बाई,” देवकी म्हणाली. “मुकादमाच्या अंदरच्या खोलीत कुलपात हायेत. दोन तं त्याच्या साळ्याच्या दुकानात गेल्या, बर्डीच्या बाजारात. कोणी तोंड उघडलं का दुसऱ्या दिवशी आरामशीनवर काम भेटत नाही.”

“मग काल काहून नाही सांगितलं, देवकीबाई? काल तर लय फायदा झाला म्हणालात!”

देवकीनं बाटली उपसून बाजूला ठेवली. तिला राग आला नव्हता, हसूही आलं नव्हतं.

“काल तुमी त्याच्या खुर्चीवर बसल्या होत्या, बाई.”

सगळी वस्ती शामलानं त्याच खुर्चीवर बसून पालथी घातली होती. इतक्या उन्हात आपण मेलं गोळा तरी काय केलं? तिला रडू यावं इतका शीण आला. ती उठली तेव्हा देवकी घाईनं म्हणाली, “माह्यं नाव कोणाले सांगू नका.” शामलानं मान हलवली. अंगठा घ्यायचं तिनं नावच काढलं नाही.

तुटकी चप्पल ओढत ती ऑफिसात पोचली. मधुसूदन सर पंख्याखाली बसले होते, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, समोर भलंमोठं टेबल. त्यांनी हसून वर पाहिलं.

“या, शामलाबाई! झालं ना सगळं? बायका खूश आहेत ना? तुमच्या कायमच्या ऑर्डरचं मी वर बोललोय बरं का.”

शामला टेबलासमोर उभी होती. घरी डोळे लावून बसलेली आई तिला आठवली, आणि तोंडातून शब्द आपसूकच निघून गेले.

“हो सर. सगळं चांगलं आहे. खूप फायदा झाला.”

तिचं तिलाच ते ऐकू आलं. वस्तीतल्या बायकांचा तोच आवाज, तीच खाली घातलेली मान. बोटांना भुसा अजून चिकटलेला होता.

“शाब्बास!” सरांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. “करा मग अहवालावर सही.”

शामलानं पेन घेतलं नाही.

“सर, मी आत्ता खोटं बोलले,” ती म्हणाली. “खरं काय ते सांगते. पण आधी तुम्ही जरा त्या खुर्चीवरून उठता का?”